रिकामा रकाना

वेंडेलकाका, तुमच्या त्रेचाळीस वह्या
जंगलखात्याच्या जीपमधून आल्या,
सुतळीनं बांधलेल्या, दोन उंदरांनी कुरतडलेल्या.
बाकोन्यच्या डोंगरातला तो एकच दिवा,
त्याखाली नरसाळं, नरसाळ्याखाली बरणी,
आणि रोज सकाळी तुमची शिसपेन्सिल:
कुठला पतंग, किती.
वजन कधीच नाही.
पतंग कोण कशाला तोलेल?

मला मात्र वजनच हवंय.
त्रेचाळीस वर्षांत या रानाच्या रात्री
किती हलक्या झाल्या, एवढाच माझा प्रश्न,
आणि अनुदान मार्चअखेर संपतं.

तेव्हा संग्रहालयात गेले.
शारोल्ताबाईंनी एकेक खण उघडून दिला,
नाकाला रुमाल लावून, डांबरगोळ्यांच्या वासात.
टाचणीवरच्या पंखांना मी पट्टी लावत बसले.
पंख दुप्पट लांब, तर अंग पाचपट-सहापट जड,
एवढं एक सूत्र हाती आलं.
वाळलेला मध्यम पतंग वीस मिलिग्राम,
म्हणजे सोनाराच्या काट्यावर एका गुंजेला सहा.
माझा काटा इतका हळवा
की मी उसासा टाकला
आणि एक पतंग जड झाला.

मग गुणाकार. रात्रीमागून रात्र.
आलेख पडद्यावर आला तो चढलेलाच!
मी खुर्चीतून उठले.
जो तो म्हणतो कीटक सरले, आणि इथे तर…
पाहते तर एकटी एक जात,
जिच्या अळ्या ओकची पानं ओरबाडतात,
शेवटच्या तीन वर्षांत टोळधाडीसारखी उसळलेली.
तिला बाजूला काढलं,
आणि उरलेल्या तीनशे सत्तर जाती
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या
कठडा धरून, एकेक पायरी, खाली.

एवढ्यात सत्याऐंशीचा जुलै.
अकरा रकाने रिकामे.
शून्य नव्हे. शून्य तुम्ही लिहिता,
गोल, ठसठशीत, टोक मोडेस्तोवर दाबून;
पावसाच्या रात्री, गारठ्याच्या रात्री कितीदा लिहिलंय.
शून्य लिहायलाही आधी दिवा लावावा लागतो.
हे नुसतं कोरं.
हवामानखात्याला विचारलं: आभाळ निरभ्र, उकाडा.
वीजमंडळाला विचारलं: वीज होती.
संगणक म्हणाला, शेजारच्या रात्रींची सरासरी भर.
भरली. पंचेचाळीस ग्राम.

तरी राहवेना, तुमच्या मार्गितला फोन केला, वेस्प्रेमला.
बराच वेळ ती काही बोलली नाही,
मागे कुणीतरी भांडी विसळत होतं.
मग म्हणाली,
आई त्या उन्हाळ्यात खिडकीशी झोपायची.
उठणं बंद झालं होतं तिचं.
दिवा थेट डोळ्यांवर यायचा.
पतंग काचेवर आपटले की दचकायची,
म्हणायची, वेंडेल, दारात कोण आलंय बघ.
बाबा जाऊन दिवा मालवून यायचे,
आणि सांगायचे, कुणी नाही.
बाराव्या रात्री त्यांनी तो परत लावला.

ती रात्र तुमच्या वहीत आहे.
एकशे अठ्ठ्याण्णव पतंग, जातवार,
एकही खाडाखोड नाही.

पंचेचाळीस ग्राम मी पुसले नाहीत,
सूत्राला ते लागतात.
फक्त त्या जुलैत आलेखाची करडी किनार
जरा रुंद ठेवलीय,
बरणीत न पडलेले सगळे
पंख पसरून मावतील एवढी.
तळटीपेत लिहिलं: अकरा रात्री दिवा बंद.
परीक्षकांनी समासात शेरा मारलाय, कारण द्या.
तीन आठवडे झाले.
उत्तर अजून पाठवलेलं नाही.